विज्जडविडाचा शोध

बीडचा आणि भास्कराचार्यांचा कांहीं संबंध असेल काय, हा प्रश्न मराठी वाचकांस अगदींच नवा नाहीं. लीलावतीच्या कर्त्यानें आपल्या गांवाचें नांव विज्जडविड असें सांगितलें आहे. त्या नांवाचा शेवट आणि बीड हा शब्द यांचा ध्वनि इतका जुळतो कीं, 'भास्कराचार्य बीडचे' हें वाक्य लेखांतून, व्याख्यानांतून आणि घरगुती बोलण्यांतून सहज उच्चारलें जातें. ज्या जिल्ह्याचें नांव वर्तमानपत्रांत बहुधा अवर्षणाच्या आणि ऊसतोडीसाठीं परगांवीं जाणाऱ्या कुटुंबांच्या बातम्यांतच वाचावयास मिळतें, त्या जिल्ह्यानें बाराव्या शतकांतील श्रेष्ठ गणितज्ञावर हक्क सांगावा, यांत मनुष्यस्वभावाच्या बाहेरचें कांहीं नाहीं. परंतु हक्क सांगणें निराळें आणि तो शाबीत करणें निराळें. भास्कराचार्य स्वतः उपपत्तीवांचून कोणतीही गोष्ट गळीं उतरवून घेणारे नव्हते. आपल्या ग्रंथावर त्यांनीं स्वतःच वासनाभाष्य लिहिलें, तें याच हेतूनें. तेव्हां त्यांच्या जन्मग्रामाचा विचार तरी त्यांच्या पद्धतीनें व्हावयास नको काय?

आपल्या जुन्या ग्रंथकारांपैकीं फारच थोड्यांनीं स्वतःविषयीं लिहून ठेविलें आहे. भास्कराचार्य त्या थोड्यांत मोडतात. सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायाच्या अखेरीस ते सांगतात कीं, शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ मध्यें, आपला जन्म झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं हा ग्रंथ आपण रचला. गोत्र शांडिल्य, पिता महेश्वर, आणि विद्याही त्याच पित्यापाशीं झालेली. गांवाविषयीं मात्र ते दोनच खुणा देतात: तें सह्य कुलपर्वताच्या आश्रयास आहे, आणि तेथें तिन्ही वेद जाणणारे विद्वान् व नाना प्रकारचे सज्जन राहतात. दुसरी खूण आज उपयोगाची नाहीं; कारण आपल्या गांवीं सज्जन राहत नाहींत असें कोणता ग्रंथकार म्हणेल? राहिली पहिली, आणि गांवाचें नांव.

नांवांतही पाठभेद आहेत. कोठें विज्जडविड, कोठें विज्जलविड. 'विज्जल' असा पाठ घेऊन कित्येकांनीं त्याचा संबंध कल्याणीच्या कलचुरी बिज्जलाशीं लाविला. परंतु बिज्जलानें चालुक्यांचें सिंहासन बळकाविलें तें इ. स. ११५७ च्या सुमारास, आणि सिद्धान्तशिरोमणि लिहून झाला तो ११५० सालीं. सिंहासनावर बसण्यापूर्वींही बिज्जल हा मोठा मांडलिक होता हें खरें; तथापि जें गांव महेश्वराच्या पिढीस विद्वानांचें म्हणून नांवाजलेलें होतें, त्याचें नांव बिज्जलावरून पडलें असें मानावयास फारच ओढाताण करावी लागते.

बीड या नांवाची कथाही कांहीं साधी नाहीं. गांवाचें पौराणिक नांव चंपावती सांगतात. बालाघाटाच्या पायथ्याशीं खोलगट जागीं वसलेलें म्हणून 'बीळ', त्याचें बीड, ही एक व्युत्पत्ति. आणि येथें मुबलक पाणी लागलें म्हणून मुसलमानी अमलांत 'भीर' हें नांव पडलें, ही दुसरी. महंमद तुघलकाचा दांत येथें पडला आणि त्या दांतावर त्यानें थडगें बांधविलें, ही गोष्ट फेरिस्त्यानें नमूद केली आहे व त्या थडग्याची जागा अद्यापि दाखवितात. ज्या गांवीं सुलतानाच्या दांताचीही जागा लोकांस ठाऊक आहे, त्या गांवीं भास्कराचार्यांच्या घराची, पाठशाळेची अथवा वंशाची एकही जुनी आठवण नसावी, ही गोष्ट मनांत खटकल्याशिवाय राहत नाहीं. अर्थात् आठवण नसणें हा पुरावा नव्हे, हेंही खरें.

आतां सह्याद्रीची खूण. बीड शहर बिंदुसरा नदीच्या कांठीं आहे. बिंदुसरा सिंदफणेस मिळते आणि सिंदफणा पुढें मंजरथ येथें गोदावरीस. शहराच्या दक्षिणेस उभी असलेली बालाघाटाची ओळ ही सह्याद्रीचीच पूर्वेकडे गेलेली शाखा होय. त्यामुळें 'सह्याच्या आश्रयास' हे शब्द बीडला लावतांच येणार नाहींत असें नाहीं. पण त्याच न्यायानें ते निम्म्या महाराष्ट्रास लागूं पडतील. खूण म्हणून तिची किंमत तेवढी कमीच.

नंतरच्या काळांतील दोन साक्षी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली फैजीची. अकबराच्या आज्ञेवरून इ. स. १५८७ मध्यें फैजीनें लीलावतीचें फारसी भाषांतर केलें आणि प्रस्तावनेंत भास्कराची जन्मभूमि दक्षिणेंतील बेदर असें लिहिलें. याच प्रस्तावनेंत ती दुसरी कथा आहे, जी आपल्या घराघरांत आजीच्या तोंडून ऐकिली जाते: लीलावती ही भास्कराची कन्या, तिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं पाण्यावर तरंगत ठेविलेलें घटिकापात्र, त्याच्या छिद्रांत अडकलेला मोतीं, टळलेली घटिका आणि दुःखी कन्येच्या समाधानासाठीं लिहिलेला ग्रंथ. ही कथा भास्कराच्या ग्रंथांत कोठेंही नाहीं. तेथें लीलावती या नांवाची संबोधनें आहेत, बाले आहे, मृगाक्षी आहे, सखे आहे, आणि एके ठिकाणीं तर चक्क व्यापारी वत्सासही प्रश्न घातला आहे. चारशें वर्षांनंतर ऐकीव गोष्ट इतक्या सुंदर रीतीनें सांगणाऱ्या लेखकाची बेदराविषयींची साक्ष कितपत धरावी? फारसी लिपींत बीड आणि बेदर यांच्यांत एका अक्षराचा फरक आहे, तेव्हां मूळांत बीडच असेल, अशीही तोड कोणी काढूं शकेल. पण असल्या तोडी दोन्ही बाजूंस सारख्याच काढतां येतात.

दुसरी साक्ष मुनीश्वराची. हा सतराव्या शतकांतील काशीचा ज्योतिषी. घराणें मूळचें विदर्भांतील, पयोष्णीकांठचें, म्हणून आपल्या देशाची त्यास माहिती असावी. सिद्धान्तशिरोमणीवरील मरीचि या टीकेंत तो विज्जडविड हें महाराष्ट्रांत, विदर्भाच्या नजीक आणि गोदावरीपासून पांच कोसांवर असल्याचें सांगतो. हें वाचून बीडकरांस आनंद व्हावा. कारण गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरूनच वाहते. पण बीडहून गेवराईवरून शहागडच्या पुलाशीं नदी गांठावयाची तर चाळीस किलोमीटरांहून अधिक वाट चालावी लागते. पांच कोस कसेही मोजले तरी इतके होत नाहींत. मुनीश्वरही भास्करानंतर जवळजवळ पांचशें वर्षांनीं लिहीत होता, आणि त्यानें तें गांव डोळ्यांनीं पाहिलें होतें असें मानावयास आधार नाहीं.

येथपर्यंतचा वाद हा पुस्तकांतला. त्याला दगडाचा आधार मिळाला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि तो मिळवून देणारा गृहस्थ पेशानें डॉक्टर होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतून बाहेर पडलेले भाऊ दाजी लाड दिवसभर रोगी तपासीत आणि उरलेल्या वेळांत ताम्रपट, नाणीं व शिलालेख. चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण येथें भवानीच्या देवळांत एक शिलालेख त्यांच्या हातीं लागला. १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढें कीलहॉर्न यांनीं तो पुन्हा काळजीपूर्वक संपादिला. या एका दगडानें भास्कराच्या घराण्याच्या अनेक पिढ्या उजेडांत आणिल्या. मूळ पुरुष त्रिविक्रम. त्याचा पुत्र भास्करभट्ट, ज्यास भोजराजानें विद्यापति ही पदवी दिली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि आपले भास्कराचार्य. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या पदरीं नेऊन पंडितांचा अग्रणी केलें. त्याचा पुत्र चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला.

या लेखाचा हेतु घराण्याची कीर्ति गाणें एवढाच नव्हता. चांगदेवानें पाटण येथें एक मठ स्थापिला, तो भास्कराचार्यांच्या व त्यांच्या घराण्यांतील इतरांच्या ग्रंथांचें अध्यापन व्हावें म्हणून. निकुंभ वंशांतील सोइदेव या मांडलिकानें त्यास दान दिलें आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यानेंही तें चालविलें. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणांतील चंद्रग्रहण, म्हणजे इ. स. १२०७ चा पावसाळा. ग्रहणाचें गणित शिकविणाऱ्या मठाला ग्रहणाच्याच पर्वावर दान मिळावें, हा योग मोठा मजेचा आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत, परंतु दानाचा तपशील यावयास लागतो आणि भाषा एकदम मराठी होते. त्याचें कारण उघड आहे: वंशावळ पंडितांनीं वाचावयाची होती, तपशील मात्र बाजारांतल्या माणसांस समजावयाचा होता. पाटणच्या बाजारीं जो माल विकला जाई, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला. धान्य मापावयाचें तें मठाच्या मापानें, आणि मापणावळींत मठाचा वांटा. तेल्याच्या प्रत्येक घाण्यामागें एक पळी तेल. मला या दगडावरील सर्व बिरुदांपेक्षां ही पळीभर तेलाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्या काळीं युरोपांत पहिलीं विद्यापीठें नुकतींच आकार घेत होतीं, त्या काळीं खानदेशांतल्या एका बाजारगांवीं चल ग्रहांचें गणित, बीजगणित आणि गोलाचें ज्ञान शिकविण्याचा खर्च तेली, वाणी आणि गिऱ्हाईक मिळून सोशीत होते. पळीभर तेलानें रात्रीं मठांत दिवा लागत असेल आणि त्या उजेडांत कोणी तरी कुट्टकाचें उदाहरण सोडवीत असेल, हें चित्र माझ्या कल्पनेंतलें आहे; पण तेल खरें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लक्ष्मीधराविषयीं लिहितांना लेखकारानें एक बारीकसा शब्द वापरला आहे: जैत्रपालानें त्यास 'ह्या पुराहून' नेलें. म्हणजे भास्कराचार्यांच्या पुत्राचें वास्तव्य पाटण येथेंच होतें. शिवाय चाळीसगांव तालुक्यांतच बहाळ येथें शके ११४४ चा, म्हणजे इ. स. १२२२ चा, दुसरा लेख आहे. तो भास्कराचा भाऊ श्रीपति याचा नातू अनंतदेव याचा. तोही सिंघणाचाच ज्योतिषी. भास्कराच्या आणि श्रीपतीच्या अशा दोन शाखांच्या खुणा एकाच टापूंत मिळाव्या, हा योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. शाळाखात्यांत नोकरी करीत आपला ज्योतिषशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं या प्रश्नाचा विचार केला, तेव्हां बीड आणि बेदर या दोन्ही ठिकाणांचा परामर्श घेऊन, तीं सह्याद्रीच्या जवळ नाहींत म्हणून बाजूस सारलीं व पाटणच्या बाजूस आपला कौल दिला. दीक्षितांसारखा काटेकोर मनुष्य गांवाभिमानासाठीं एक अक्षरही लिहिणारा नव्हता.

तथापि बीडच्या वतीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती न्यायाची आहे. शोधक जेथें फिरले तेथें पुरावा सांपडला. भाऊ दाजी खानदेशांत हिंडूं शकले, कारण तो इंग्रजी मुलूख होता आणि तेथें पोंचण्याचीं साधनें झालीं होतीं. बीड हें निजामाच्या राज्यांत, आपले लोक ज्यास मोगलाई म्हणत त्या भागांत, १९४८ पर्यंत राहिलें. हैदराबाद संस्थानानें पुराणवस्तुखातें स्थापिलें तें १९१४ सालीं. म्हणजे पाटणचा लेख छापून जवळजवळ पन्नास वर्षें झाल्यावर. बीडकडे पुरावा नाहीं असें म्हणतांना, बीडमध्यें तो किती उशिरां शोधूं लागले हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. आणि पाटणच्या लेखानेंही मुलगा व नातू कोठें राहिले तें सिद्ध होतें. बाप कोठें जन्मला तें नव्हे. विद्वान् कुटुंबें राजाश्रयाच्या मागें गांव बदलतात, हें तोच लेख सांगतो.

गंमत अशी कीं, हा सारा वाद भास्कराचार्यांनीं मनांत आणिलें असतें तर एका आंकड्यानें मिटविला असता. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते, तिला पलभा म्हणतात. ती दर गांवाच्या अक्षांशाप्रमाणें निराळी असते, आणि पलभेवरून अक्षांश काढण्याची रीत भास्करानेंच शिकविली आहे. बीडची पलभा सुमारें ४ अंगुळें ८ व्यंगुळें येते. पाटणची ४ अंगुळें २७ व्यंगुळें, बेदरची ३ अंगुळें ५३ व्यंगुळें. आणि विजापूर म्हणजेच विज्जडविड असें मानणाराही एक पक्ष आहे, त्या विजापूरची ३ अंगुळें ३८ व्यंगुळें. बीड आणि पाटण यांच्यांतला फरक अंगुळाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी. फरक लहान खरा. परंतु अंगणांत बारा फूट उंचीची काठी ओळंब्यानें उभी केली तर तोच फरक पावणेचार इंचांचा होतो, आणि तो शाळेंतल्या मुलासही मोजतां येईल. वाचकांपैकीं कोणास हौस असेल तर मार्च अथवा सप्टेंबर महिन्यांतील विषुवदिनीं बीडमध्यें हा प्रयोग करून पाहावा. ज्या श्लोकांत भास्करानें गांवाचें नांव दिलें, त्याच श्लोकांत पलभेला जागा दिली असती, तर आठशें वर्षें पंडितांस भांडावयास कारण उरलें नसतें. पण त्या श्लोकांत गणिती मागें राहिला आणि मुलगा पुढें आला. त्यानें आपल्या गांवाची स्तुति केली आणि पुढें चालता झाला.

बीडकरांच्या पदरीं मग काय राहतें? माझ्या मतें थोडें नाहीं. याच जिल्ह्यांत अंबेजोगाईस सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याचे लेख आहेत. शके ११५० चा एक. आणि शके ११६२ चा दुसरा, ज्यांत गुजरातच्या स्वारींत पडलेल्या त्याच्या पुत्राच्या, रामाच्या, स्मरणार्थ बहीण लक्ष्मी हिनें देऊळ बांधल्याचा उल्लेख आहे. चांगदेव ज्या राजाचा ज्योतिषी, खोलेश्वर त्याच राजाचा सेनापति. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेवही त्याच दरबारीं. देवगिरीच्या त्या दरबारांत पाटणचा ज्योतिषी आणि अंबेजोगाईचा सेनानी एकमेकांस नमस्कार करीत असतील, एवढें म्हणावयास कोणत्याही व्युत्पत्तीची कसरत लागत नाहीं. खुद्द बीड शहरांतील कंकालेश्वराचें देऊळ, कुंडाच्या पाण्यांत मधोमध उभें असलेलें, हेंही त्या युगाच्या कारागिरीचा नमुना म्हणून पाहण्याजोगें आहे.

आणि भास्कर नांवाचा एक मनुष्य बीडांत खात्रीनें होऊन गेला. तो मात्र गणिती म्हणून प्रसिद्ध नाहीं. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, सलाबतखानाच्या वेळीं राजा भास्कर यानें शहराबाहेर दक्षिणेस खजाना बावडी बांधली. सरकारी खजिन्यांतला पैसा तिच्यांत गेला म्हणून तें नांव, अशी आख्यायिका आहे. विहीर म्हणजे केवळ खोल खड्डा नव्हे. जमिनीखालून दोन भुयारें तिच्यांत पाणी आणितात आणि तिसरें तें बलगुजारच्या शिवाराकडे घेऊन जातें. मोट नाहीं, रहाट नाहीं. पाणी आपल्या उतारानें वाहतें. असें काम करावयाचें तर उतार फार हलका धरावा लागतो. अधिक झाला तर पाणी माती खरडून नेतें, कमी झाला तर गाळ बसून भुयार बुजतें. आणि जमिनीच्या पोटांत, अंधारांत, दिव्याच्या उजेडांत ती पातळी शेवटपर्यंत सांभाळावी लागते. लीलावतींत खातव्यवहार नांवाचें प्रकरण आहे, त्यांत खणलेल्या जागेचें माप कसें काढावें तें सांगितलें आहे; छायाव्यवहारांत छायेवरून उंची. राजा भास्करानें लीलावती वाचली होती किंवा नाहीं याचा लेख नाहीं, आणि मी तसें म्हणणारही नाहीं. नांव एक आहे, एवढ्यावरून एक भास्कर दुसऱ्याचा वारस ठरत नाहीं. विज्जडविड आणि बीड यांच्या बाबतींत आपण हीच चूक करीत आलों.

बावडीच्या कांठावर उभें राहून खालीं पाहिलें तर भुयारांचीं तोंडें दिसतात. उन्हाळ्यांत, गांवांतल्या विहिरी तळाला गेल्या असतांही, येथें पाणी राहिल्याच्या आठवणी म्हातारीं माणसें सांगतात. बलगुजारकडचे शेतकरी त्या पाण्याला 'खजान्याचें पाणी' म्हणतात, आणि पाटाचें पाणी आलें म्हणजे वाफ्याचें तोंड फावड्यानें मोकळें करितात.